खाडीकाठचा पाहुणचार

पेणचे नाव निघाले की घरोघरी दोन गोष्टी आठवतात, गणपतीच्या मूर्ती आणि पोहे. ज्या तिसऱ्या वस्तूवर हे गाव वाढले ती आज फारशी कोणाच्या ध्यानी नसते. ती वस्तू म्हणजे मीठ. भोगावती नदीच्या मुखाशी अंतोरे बंदरात भरतीच्या पाण्यावर पडाव येत. पलीकडे धरमतरला मुंबईची आगबोट लागे. आणि तेथून मीठ, भात व सुकी मासळी बैलांच्या पाठीवरून बोरघाट चढून देशावर जाई. खाडीच्या खाऱ्या पाण्याला बांध घालून ते उन्हात आटवायचे, तळाशी उरलेले मीठ फळीने ओढून त्याच्या राशी घालायच्या, असा हा धंदा. मिठाच्या वाफ्यांना आगर म्हणतात आणि त्या आगरात राबणाऱ्यांना आगरी. आजही पेणहून वडखळकडे जाताना रस्त्याच्या बाजूला सपाट, ओलसर, क्षितिजापर्यंत पसरलेली जमीन दिसते. ती निसर्गाने दिलेली नाही, माणसाने समुद्राकडून मागून घेतलेली आहे.

या जमिनीची रीत समजून घेण्याजोगी आहे, कारण तिच्यात भांडवल, श्रम आणि विश्वास या तिन्हींचा हिशेब आहे. जुन्या काळी खाडीतील पाणथळ जागेभोवती बांध घालण्याचे काम कोणी एक धनवान गृहस्थ अंगावर घेई. त्याला शिलोत्रीदार म्हणत. त्याने बांध घालायचा, राखायचा आणि त्याच्या बदल्यात आतील कुळांकडून भाताचा ठराविक हिस्सा घ्यायचा. बांधाला जागोजागी लाकडी झडपांची दारे असत. त्यांना उघाडी म्हणतात. भरतीच्या वेळी समुद्राच्या दाबाने झडप आपोआप मिटते आणि ओहोटीला आतले गोडे पाणी बाहेर जाण्यासाठी उघडते. हा दरवाजा नीट असला तर भात पिकते, बिघडला तर खांड पडून सगळे शिवार खारे होते आणि ते पुन्हा लागवडीला यायला काही पावसाळे जावे लागतात. शिलोत्रीदारी पुढे लोपली, १९४८ साली खारजमिनींसाठी मुंबई राज्याने स्वतंत्र कायदा केला. पण बांध कोणी राखायचा हा प्रश्न मात्र कायद्याने पुरता सुटलेला नाही. उधाणाच्या भरतीने बांध फुटल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात.

व्यापारी घराण्यातील वाचकाला अशा गावात फिरताना एक गोष्ट सहज उमजेल. कोकणातील बंदरगाव हे कधीच एका जातीचे किंवा एका धंद्याचे गाव नव्हते. आगऱ्याने मीठ पिकवायचे, कोळ्याने समुद्र कसायचा, आणि वाण्याने तांदूळ, गूळ, तेल, दोरखंड पुरवायचे, तेही बहुधा उधारीवर. पावसाळ्यात नावा किनाऱ्यावर ओढल्या की कोळीवाड्याची मिळकत थांबते. त्या दोन-अडीच महिन्यांचे धान्य दुकानातून येई आणि नारळी पौर्णिमेनंतर, पहिल्या फेऱ्यांचा पैसा हाती आला की खाते फिटे. दुकानदार मासा खात नसे, पाहतही नसेल. पण त्याच्या वहीत कोळीवाड्याची पाने जाडजूड असत. विकलेला दोर नावेच्या शिडाला लागतो की जाळ्याला, हे विचारण्याची पद्धत नव्हती. या न विचारण्यात समंजसपणा किती आणि सोय किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पेणमध्ये थांबायचे ते सकाळी. कासार आळी, कुंभार आळी या जुन्या वस्तीत आणि पुढे हमरापूर, जोहे या गावांत वर्षभर मूर्तींचे काम चालते. माघ-फाल्गुनात गेले तर रंग न लावलेल्या पांढऱ्या व मातकट मूर्तींच्या रांगा दिसतात आणि डोळ्यांची आखणी करणारा कारागीर एकटा, मान खाली घालून बसलेला असतो. त्याच्याशी त्या वेळी बोलू नये. डोळा एकदा बिघडला की सारी मूर्ती बाद होते.

पोह्यांचे तसे नाही. तेथे कितीही प्रश्न विचारावेत. भात भिजवून, निथळून, तापल्या वाळूत भाजतात आणि गरम असतानाच गिरणीत दाबतात. जाड पोहे, पातळ पोहे, मधले पोहे हा फरक दाबण्याचा. पोह्यांचे पापड आणि मिरगुंडेही येथलीच. जैन घरातील प्रवासाच्या डब्याला हे पदार्थ फार सोयीचे आहेत, कारण ते कोरडे आहेत आणि टिकतात. येथील खरा न्याहारीचा पदार्थ म्हणजे दडपे पोहे. पातळ पोह्यांवर ओले खोबरे, नारळाचे पाणी, लिंबू, मीठ, साखर घालून ते घटकाभर दडपून ठेवायचे आणि वरून शेंगदाणे, मोहरी, हिरवी मिरची यांची फोडणी द्यायची. प्रचलित पद्धतीत त्यात कांदा असतो. तो काढला तर पदार्थाचे काही बिघडत नाही. उलट खोबऱ्याची गोडी अधिक कळते. मात्र ही मागणी आधी करावी लागते, कारण बहुतेक ठिकाणी कांदा सकाळीच कालवलेला असतो.

रस्त्यावरच्या खाणावळींविषयी येथेच काही सांगून ठेवणे बरे. वडखळ नाक्यापासून रोह्यापर्यंत ज्या पाट्या दिसतात त्यांत शाकाहारी व मांसाहारी असे दोन्ही शब्द एकाच फळीवर असतात. अशा ठिकाणी भाकरीचा तवा एकच, झारा एकच, आणि तळणीचे तेलही बहुधा एकच. शुद्ध शाकाहारी अशी पाटी असेल तेथे हा प्रश्न सुटतो, पण कांदा-लसणाचा सुटत नाही. मुंबई-पुण्यातील उपाहारगृहांत जैन हा एक शब्द उच्चारला की आचारी समजून जातो. रोह्याच्या एखाद्या घरगुती खाणावळीत त्या शब्दाने काही बोध होईलच असे नाही. तेथे नुसते जैन जेवण मागण्यापेक्षा कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, बीट, आले यांपैकी काहीच नको, असे एकेक नाव घेऊन सांगावे. वाटण, म्हणजे भाजल्या कांद्या-खोबऱ्याचा ओला मसाला, पहाटेच वाटून ठेवलेले असते आणि आमटीपासून भाजीपर्यंत सगळीकडे तेच पडते. म्हणून आदल्या दिवशी दूरध्वनी करणे हाच शहाणपणा. आयत्या वेळी ताटावर बसून आचाऱ्याला धारेवर धरणारे गिऱ्हाईक कोणत्याच गावात आवडत नाही, आणि स्वतः दुकान चालवणाऱ्याला तर हे वेगळे सांगायला नको.

वेळेवर सांगितले तर काय मिळते? तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी, कुळथाचे पिठले, अळूच्या पानांची पातळ भाजी, घावन, आणि कडवे वाल. भात कापून झाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. त्याला वेगळे पाणी लागत नाही, आणि या भागातील वालाला जी चव असते ती बाजारातल्या मोठ्या दाण्यांना नसते. त्याचे बिरडे मोड आणून, सोलून करतात. ज्या घरांत मोड आलेले कडधान्य वर्ज्य आहे त्यांनी वालाची डाळ मागावी. सोबत कोकम आणि नारळाच्या दुधाची सोलकढी येते. तिच्यात दही-ताक नसल्याने द्विदलाचा प्रश्न उद्भवत नाही, पण लसूण ठेचून घालण्याची पद्धत आहे, एवढे विचारून घ्यावे. काटेकोर श्रावक ताटात वरून कच्चे मीठ घेत नाहीत. जेथे मिठाच्या राशीच राशी नजरेसमोर आहेत अशा मुलखात हा नियम पाळताना मीठ म्हणजे पृथ्वीकाय ही पाठशाळेतील शिकवण मुलांना प्रथमच डोळ्यांनी पाहिल्यासारखी वाटावी.

पौष-माघात वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लावतात. मडक्यात खाली भांबुर्ड्याचा पाला, त्यावर ओवा-मीठ लावलेल्या शेंगा, पुन्हा पाला, मग मडके उपडे घालून भोवती काटक्या-पेंढ्याचा जाळ. गावात मडक्यात बटाटे, रताळी आणि पुष्कळदा अंडी किंवा कोंबडीही घालतात, आणि हा सोहळा रात्रीच रंगतो. यजमान ओळखीचा असेल तर नव्या मडक्यात नुसत्या शेंगांची पोपटी दुपारी तीन-चार वाजता लावून देतो. रात्रीच्या शेकोटीची मजा त्यात नाही हे खरे. पण भांबुर्ड्याचा उग्र वास शेंगेच्या सालीतून दाण्यात उतरतो तो दिवसाही तितकाच उतरतो.

पेणहून नागोठण्यामार्गे रोहा चाळीसएक किलोमीटर. वाटेत धरमतर खाडीच्या काठी डोलवीचा अजस्र पोलाद कारखाना लागतो. जेथे पडाव लागत तेथे आता कोळसा आणि लोहखनिजाचे तराफे लागतात. याच तालुक्यातल्या २२ गावांतील शेतकऱ्यांनी विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यावी की नाही, यावर २१ सप्टेंबर २००८ रोजी शासनाने जनमत घेतले होते. ते क्षेत्र झाले नाही. मुंबई जवळ असणे हे या मुलखाचे भाग्यही आहे आणि धास्तीही.

रोहा हे कुंडलिकेच्या काठचे गाव, पलीकडच्या तीरावर अष्टमी. रेल्वेच्या नकाशावर त्याचे महत्त्व असे की कोकण रेल्वे येथून सुरू होते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख यांचे बालपण या गावात गेले. ग्रामदैवत धावीर महाराज. त्यांची पालखी निघते तेव्हा पोलीस सलामी देतात. आणि स्वाध्याय परिवाराचे पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म १९२० साली येथलाच. शास्त्रीजींचे नाव या लेखात केवळ जन्मगावाच्या ओघाने आलेले नाही. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना ते सागरपुत्र म्हणत, आणि त्यांच्यासाठी त्यांनी मत्स्यगंधा नावाचा प्रयोग उभा केला. गावाने मिळून नाव घ्यायची, आळीपाळीने आपापला एक-एक दिवस देऊन ती चालवायची, आणि तिची मिळकत कोणा एकाची न मानता अडलेल्या घराला प्रसाद म्हणून पोचवायची. शाकाहारी, वेदान्ती घरातील पंडित कोळीवाड्यात गेला तो मासे सोडा असे सांगायला नव्हे. आधी माणूस म्हणून शेजारी बसावे, मग पुढचे, असा त्यांचा क्रम होता. तो क्रम सर्वांना पटेल असे नाही. जैन मुनींच्या प्रवचनपरंपरेत तर मांसाहारत्यागाचा आग्रह आधी येतो आणि त्यामागे अहिंसेची अविचल बैठक आहे. तरीही कोळीवाड्याच्या उंबऱ्याशी उभे असताना हा दुसरा क्रमही ठाऊक असलेला बरा.

कुंडलिका नदी बारमाही वाहते याचे कारण पाऊस नव्हे, वीज. घाटमाथ्यावर मुळशीला धरण बांधून ते पाणी १९२७ पासून भिऱ्याच्या वीजघरात सोडले जाते आणि जनित्रे फिरवून झाल्यावर कुंडलिकेत येते. या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली झालेला मुळशी सत्याग्रह इतिहासात प्रसिद्ध आहे. कोलाडला तराफ्यांतून खळाळत्या पाण्यात उतरण्याचा जो खेळ आज तरुणांना खेचून आणतो तो याच सोडलेल्या पाण्यावर चालतो. सकाळी पाणी सुटले की खेळ सुरू, ओसरले की बंद. रोह्याच्या वरच्या अंगाला नदी अशी स्वच्छ आणि उत्साही दिसते.

रोह्याच्या खालच्या अंगाला चित्र बदलते. धाटावची औद्योगिक वसाहत मुख्यत्वे रसायनांची. तेथे सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, आणि तरीही आरे खुर्द ते साळाव हा कुंडलिकेचा खारा पट्टा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत नोंदला गेलेला आहे. खाडीत पाग टाकणारा, ओहोटीला चिखलात उतरून शिंपल्या-खुबे वेचणारी बाई, यांची तक्रार जुनी आहे: मासळी कमी झाली, आणि जी मिळते तिला कधीकधी औषधासारखा वास येतो. खाडीत छोट्या होडीने मासे धरणाऱ्याला खोल समुद्रात जाता येत नाही. त्यासाठी लागणारी यांत्रिक नाव त्याच्या ऐपतीबाहेरची. खाडी मेली की त्याला मुंबईचा रस्ता.

हा मजकूर व्यापारी आणि कारखानदार घराण्यांच्या हाती पडतो, म्हणून येथे थोडे थांबणे भाग आहे. कोळ्याच्या टोपलीतील तडफडता मासा पाहून जैन घरातील मूल डोळे झाकते, आणि ते स्वाभाविकच आहे. त्या मुलाच्या करुणेची थट्टा कोणी करू नये. पण त्याच खाडीत रात्री सोडलेल्या पाण्याने पोटे वर करून तरंगणारे मासे कोणाच्या टोपलीत नसतात, त्यामुळे ते दिसत नाहीत. जाळ्याने मेलेल्या जिवाचा हिशेब कोळ्याच्या नावे मांडला जातो. नळाने मेलेल्याचा कोणाच्या नावे मांडायचा? श्रावकाने टाळायच्या पंधरा कर्मादानांची यादी पाठशाळेत पाठ करवून घेतली जाते. तिच्यात विषवाणिज्य आहे, आणि सरोवर-तलाव सुकवणे हेही आहे. ज्या शास्त्रकारांनी ही यादी केली त्यांच्यासमोर रसायनांच्या वसाहती नव्हत्या, तरी हिंसा केवळ सुरीने होत नाही, ती धंद्याच्या मागील दारानेही होते, हे त्यांनी अचूक हेरले होते. सांडपाण्याची प्रक्रिया नीट करणे महाग पडते, आणि जो ती करतो त्याला न करणाऱ्या स्पर्धकापुढे भावात मार खावा लागतो, हे खरेच आहे. व्यवहारातील ही अडचण खोटी नाही. परंतु कत्तलखान्याला भांडवल न देण्याचा नियम ज्या घरांनी पिढ्यान् पिढ्या नुकसान सोसून पाळला त्यांना हा नवा नियम अवघड वाटण्याचे कारण नाही. खाडीकाठी एक दुपार घालवली की पेढीवर बसून न दिसणारे बरेच काही दिसते, आणि या सहलीचे खरे प्रयोजन कदाचित हेच असावे.

रोह्याहून तासाभरात खाडीच्या कडेकडेने साळाव येते आणि पूल ओलांडला की रेवदंडा. कुंडलिका येथे समुद्राला मिळते. एका बाजूस पोर्तुगिजांची तटबंदी, नारळी-पोफळीच्या वाड्या. लगतचे चौल तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या परदेशी प्रवाशांनाही ठाऊक असलेले बंदर. पंधराव्या शतकात रशियातून आलेला व्यापारी अफनासी निकितीन येथेच उतरला. तो घोडा विकायला आला होता. पलीकडच्या तीरावर कोर्लईचा किल्ला समुद्रात शिरलेला आहे आणि त्याच्या पायथ्याच्या गावात सुमारे हजारभर माणसे पोर्तुगीज व मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली, स्वतःची अशी वेगळी बोली अजून बोलतात. पोर्तुगीज सत्ता या भागातून १७४० च्या सुमारास गेली, पण भाषा घरात राहिली.

कोळीवाडा पाहायचा तो या मुखाशी. रंगवलेल्या नावा, त्यांवरच्या पताका, बांबूंच्या मांडवांवर वाळत घातलेले बोंबील, दारात बसून जाळे सांधणारा वृद्ध. वास तीव्र असतो. ज्याला तो सोसवत नाही त्याने दूर उभे राहावे; नाकाला रुमाल लावून गल्लीतून फिरू नये, आणि सुकत घातलेल्या मासळीशेजारी उभे राहून तोंड वाकडे केलेली छायाचित्रे तर मुळीच काढू नयेत. ते कोणाच्या तरी घराचे अंगण असते. अलीकडे या किनाऱ्यावर मुंबई-पुण्याच्या धनिकांचे बंगले वाढले आहेत आणि नव्या शेजाऱ्याने आधी खाडीचे दृश्य पाहून जागा घ्यायची, मग मासळीच्या वासाची तक्रार करायची, असे प्रकार ऐकू येतात. जागा घेणारांत शाकाहारी व्यापारी घराणीही आहेत. विकत घेतलेल्या चार भिंतींच्या आत आपला आचार पाळण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. शेजारच्या वाळवणीवर तो हक्क पोचत नाही.

हे जगात इतरत्रही घडून गेले आहे. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा परगणा आहे. तेथील माऊझल, पोलपेरो, पोर्ट आयझॅक ही मच्छीमारांची चिमुकली गावे आज जगभरच्या प्रवाशांची आवडती झाली आहेत. तेथेही कोकणासारखाच मीठ, मासा आणि व्यापारी यांचा त्रिकोण होता. मिठात मुरवलेली मासळी पिंपे भरभरून इटलीला जाई. मासळी घटली, धंदा बसला, आणि मग लंडनच्या धनिकांनी कोळ्यांची घरे सुट्टीसाठी घेतली. उन्हाळ्यात रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नसते आणि हिवाळ्यात गल्लीतील निम्म्या खिडक्या अंधाऱ्या असतात. नावेवर काम करणाऱ्या तरुणाला आजोबांच्या गल्लीत घर परवडत नाही. शेजारच्या सेंट आयव्ह्‌ज गावाने २०१६ साली मतदान घेऊन ठरवले की नवी घरे बाराही महिने राहणाऱ्यालाच विकायची. त्या भागात केशर घातलेला एक गोड पाव मिळतो आणि बहुतेक शाकाहारी प्रवासी त्यावरच दिवस काढतात. रेवदंड्यात निदान शहाळे मिळते.

शहाळ्यावरून आठवण होते ती आतिथ्याची. कोळ्याच्या घरी जैन पाहुण्याने काय घ्यावे हा प्रश्न अवघड समजला जातो. तो तसा नाही. न सोललेले केळे, फोडलेले शहाळे यांत भांड्याचा प्रश्न नसतो, आणि पाहुणा काय खात नाही हे कोळणीला पुष्कळदा सांगावेही लागत नाही. तिच्या स्वतःच्या घरातही श्रावणी सोमवार असतात, गणपतीचे दिवस असतात, आणि त्या दिवसांत अनेक घरांची चूल मासळीला शिवत नाही. नकार देताना तो सरळ द्यावा. चहा उकळलेल्या पाण्याचा असला तरी नियमामुळे घेता येत नाही, असे हात जोडून सांगितले तर राग येत नाही. घेतल्यासारखे करून ओतून दिला तर येतो.

नारळी पौर्णिमेला गेले तर पानात नारळीभात आणि ओल्या नारळाच्या करंज्या असतात. सोन्याचा मुलामा दिलेला किंवा तसा रंगवलेला नारळ वाजतगाजत समुद्राला अर्पण होतो. शाकाहारी पाहुण्याला त्याहून निर्धास्त दिवस नाही, पण तो चातुर्मासात येतो आणि चातुर्मासात प्रवास टाळणारी घरे बरीच आहेत. यातील एक योग मात्र मनोरंजक आहे. शासनाचा नियम म्हणून १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नावांना समुद्रबंदी असते, परंपरेने ती नारळी पौर्णिमेपर्यंत पाळली जाते. आषाढाच्या ज्या पावसात साधू-साध्वींचा विहार थांबतो त्याच पावसात कोळ्याची नावही वर ओढलेली असते. एकाचे कारण जमिनीवर उगवलेल्या सूक्ष्म जिवांची जपणूक, दुसऱ्याचे वादळ आणि माशांच्या विणीचा काळ.

तिथीचा हिशेबही दोघांकडे असतो. जैन गृहिणीला आज आठम की चौदस हे भाजी चिरण्याआधी ठाऊक असावे लागते. कोळ्याला ते नाव लोटण्याआधी. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो, असा या किनाऱ्याचा सोपा ठोकताळा आहे. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला सव्वा अकरा. अष्टमीची भरती भांगाची, म्हणजे लहान. पौर्णिमा-अमावास्येची उधाणाची. डोल जाळी लावणारा कोळी उधाणाच्या दिवसांकडे डोळे लावून असतो, कारण तेव्हा पाण्याला ओढ असते आणि मासा जाळ्यात शिरतो.

म्हणून सहल आखताना पंचांग पाहून निघावे. कार्तिकी पौर्णिमेनंतर फाल्गुनापर्यंतचे दिवस उत्तम, आणि त्यातही अष्टमी. सकाळी पेणला न्याहारी, दुपारी रोह्याला आधी सांगून ठेवलेले जेवण, चारच्या आत रेवदंडा. संध्याकाळचे खाणे साडेपाचला उरकावे, कारण मार्गशीर्षात सूर्य सहाला मावळतो. खाणावळीत त्या वेळी कोणी नसते, चूल नुकतीच पेटलेली असते, आणि भाकऱ्या करणारी बाई एवढ्या लवकर जेवायला आलेल्या पाहुण्यांकडे नवलाने पाहते. जेवून धक्क्यावर यावे तो भरतीच्या पाण्याबरोबर नावा मुखातून आत शिरू लागलेल्या असतात. टोपल्या डोक्यावर घेतलेल्या बायका कंबरभर पाण्यात उतरतात, लिलावाचे आकडे ओरडले जातात, आणि पहाटेपासून नावेवर असलेली माणसे जेवायला त्याच खाणावळीकडे चालू लागतात.